सुपरकंडक्टिंग क्युबिटचा पल्स: आपण पाठवतो तो आणि त्याच्यापर्यंत पोचतो तो

हळदीचं_पेव
रविवार, रात्री ९:४०

मागच्या महिन्यात सांगलीला घरी गेले होते. मामांनी विचारलं, "क्वांटम कॉम्प्युटरवर काम करतेस म्हणजे नक्की काय करतेस गं?" मी म्हटलं, "त्याला तारेतून सिग्नल पाठवते." "एवढंच?" असं ते म्हणाले आणि मला पुढे नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून मनात आहे की हे एकदा मराठीत सविस्तर लिहावं. या विषयावर आपल्याकडे जे वाचायला मिळतं ते 'शून्य आणि एक एकाच वेळी' इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्या शून्याचा एक करायला हाताने काय करावं लागतं, हे कोणी सांगत नाही. माझी सहा वर्षं त्यातच गेलीत.

मी शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सची. युरोपातल्या एका प्रयोगशाळेत सुपरकंडक्टिंग क्युबिटच्या कंट्रोलचं काम करते. क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट. आमचा क्युबिट म्हणजे चिपवरचं एक छोटं सुपरकंडक्टिंग, म्हणजे विजेला विरोध न करणारं, सर्किट. त्यात एक जोसेफसन जंक्शन असतं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा. या सर्किटचा आज सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार ट्रान्समॉन. तो येल विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये मांडला. त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या असतात, पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. पायरीची उंची आम्ही फ्रिक्वेन्सीत मोजतो: पहिली पायरी साधारण ५ गिगाहर्ट्झची, तर दुसरी तिच्याहून २००-३०० मेगाहर्ट्झने बुटकी. आपल्याला फक्त खालच्या दोन पातळ्या हव्यात, शून्य आणि एक. पायऱ्या सारख्या असत्या तर शून्यावरून एकवर ढकलताना तो दोन, तीन, चार असा वर चढतच गेला असता. तेवढ्या फरकावर आमचा सगळा कारभार चालतो.

चिप डायल्यूशन फ्रिजच्या तळाशी असते, १०-२० मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ. पल्स तयार होतो खोलीत, खोलीच्या तापमानाला. तिथून कोअ‍ॅक्सियल केबल खाली जाते आणि वाटेत टप्प्याटप्प्याने अ‍ॅटेन्युएटर लावलेले असतात, सगळे मिळून ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा दहा लाखावा भाग खाली पोचतो. हा सिग्नल मुद्दाम मारलेला असतो, कारण खोलीच्या उष्णतेचा गोंगाटही त्याच केबलमधून खाली उतरत असतो. ५ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा म्हणजे जेमतेम २४० मिलिकेल्विनची ऊब. तेवढी ऊब वरून झिरपली तरी क्युबिट आपोआप शून्यावरून हलतो.

पल्स म्हणजे त्याच ५ गिगाहर्ट्झची सूक्ष्मलहर, २०-३० नॅनोसेकंद टिकणारी, हळूच चढणारी आणि हळूच उतरणारी. तिचं एन्व्हलप, म्हणजे लहरीच्या उंचीची बाह्यरेषा, घंटेच्या आकाराचं, गॉसियन. एन्व्हलपखालचं क्षेत्रफळ ठरवतं की क्युबिट किती अंशांत फिरणार, आणि फेज ठरवते की कुठल्या अक्षाभोवती फिरणार. १८० अंश फिरवला की शून्याचा एक. ९० अंश फिरवला की ती प्रसिद्ध 'दोन्ही' अवस्था.

आता सुधारायचं काय? हिशोब करून दाखवते.

क्युबिट विसरतो. त्याची स्मृती, म्हणजे टी-वन आणि टी-टू हे दोन्ही काळ, १०० मायक्रोसेकंद धरा. क्युबिट असा एकदा फिरवण्याला आम्ही गेट म्हणतो. २० नॅनोसेकंदांच्या गेटमध्ये निव्वळ विसरण्यामुळे होणारी सरासरी चूक १०,००० मध्ये १ येते. गेट निम्म्या वेळात उरकलं तर चूकही निम्मी. मग घाई का करू नये? कारण पल्स जितका छोटा तितका त्याचा वर्णपट, म्हणजे त्यातल्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा, पसरतो. ५ नॅनोसेकंद सिग्माच्या (सिग्मा म्हणजे घंटेच्या रुंदीचं माप) गॉसियनचा वर्णपट सुमारे ३२ मेगाहर्ट्झ सिग्माचा असतो. २०० मेगाहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या पायरीपर्यंत त्यातलं जवळजवळ काही पोचत नाही. सिग्मा १.२५ नॅनोसेकंद केला की वर्णपट १२७ मेगाहर्ट्झचा होतो, आणि दुसऱ्या पायरीवर शिखराच्या सुमारे २९ टक्के अ‍ॅम्प्लिट्यूड जाऊन आदळतं. क्युबिट दोनवर निसटतो. याला आम्ही गळती म्हणतो. ही चूक फार वाईट, कारण दोनवर गेलेला क्युबिट पुढच्या हिशोबात शून्यही नसतो आणि एकही नसतो.

सावकाश गेलं तर विसरतो, घाई केली तर गळतो. या दोन्हींच्या मधली वाट काढणं म्हणजे माझी नोकरी. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

नलिनीमावशी

वा! ३० वर्षं बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, पण अ‍ॅम्प्लिट्यूड आणि कोन यांचा संबंध असा सरळ शब्दांत पहिल्यांदा वाचला. एक शंका आहे. क्षेत्रफळावर कोन ठरतो म्हणतेस, तर ते क्षेत्रफळ किती अचूक लागतं? शाळेच्या प्रयोगात एक टक्का चूक म्हणजे आम्ही पैकीच्या पैकी गुण देत होतो.

हळदीचं_पेव

मावशी, नेमक्या जागी बोट ठेवलंत. एक टक्का चूक म्हणजे १८० अंशांत १.८ अंश. त्याने गेटची सरासरी चूक १०,००० मध्ये १.६ होते. वर विसरण्याची चूक १०,००० मध्ये १ धरली होती. म्हणजे महिनोन्महिने खपून चिप बनवणाऱ्यांनी जे कमावलं, ते अ‍ॅम्प्लिट्यूडच्या एका टक्क्यात गेलं. आणि एक टक्का म्हणजे डेसिबलमध्ये ०.०९ सुद्धा नाही. खोलीतला एसी बंद-चालू झाला तरी अ‍ॅम्प्लिफायर तेवढा हलू शकतो. ही चूक लाखात एकवर आणायची तर अ‍ॅम्प्लिट्यूड पाव टक्क्याच्या आत धरावं लागतं.

एवढा बारीक फरक एका पल्समध्ये दिसत नाही, म्हणून चूक साठवत नेतो. आधी ९० अंशांचा एक पल्स देऊन क्युबिट मध्यावर आणायचा, मग १८० अंशांचे २० पल्स लागोपाठ. प्रत्येकात १.८ अंश जास्त गेले असतील तर विसाव्यानंतर ३६ अंश जमा होतात, आणि तेवढं स्पष्ट दिसतं. शिंप्याच्या मापात प्रत्येक टाक्याला एक दोरा जास्त गेला तर एका टाक्यात कळत नाही, पूर्ण बाहीला कळतं, तसं.

रेडिओवाला_३१

ताई, मी ३१ वर्षं ट्रान्समीटरवर काम केलं आणि आजही घरून मोर्स वाजवतो. तुमचं 'घाई केली तर गळतो' वाचून आमची जुनी डोकेदुखी आठवली. मोर्सची की दाबली की कॅरियर एकदम चालू आणि सोडली की एकदम बंद, असं केलं तर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर टक-टक ऐकू जाते. आम्ही त्याला 'की क्लिक' म्हणतो. शेजारी वैतागतो. उपाय म्हणजे कॅरियर चढायला आणि उतरायला काही मिलिसेकंद देऊन कडा गोल करणं. मिलिसेकंदांच्या जागी नॅनोसेकंद घातले की तुमचं प्रकरण हेच ना?

हळदीचं_पेव

काका, अगदी हेच! आमचा शेजारी म्हणजे दुसरी पायरी, आणि तो एकाच घरात राहतो, म्हणून जास्त जपावं लागतं.

फक्त आम्हाला कडा गोल करून भागत नाही, कारण त्यात वेळ जातो. २००९ मध्ये मोत्झोई, गॅम्बेटा, रेबेनट्रोस्ट आणि विल्हेल्म यांनी एक युक्ती काढली, तिचं नाव ड्रॅग. मूळ पल्स एका फेजमध्ये असतो. त्याच्याशी ९० अंशांच्या फेजमध्ये आणखी एक छोटा पल्स जोडायचा. याचा आकार म्हणजे मूळ एन्व्हलपचा उतार, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, आणि त्याला दोन पायऱ्यांमधल्या फरकाने भागायचं. मूळ पल्स चढत असताना हा धन, शिखरावर शून्य, उतरताना ऋण. या जोड पल्समुळे एकत्रित वर्णपटात दुसऱ्या पायरीच्या जागी खळगा पडतो. शेजाऱ्याच्या दाराशी आवाज पोचतच नाही.

कागदावर हे फार देखणं आहे. प्रत्यक्षात एक गोम आहे. जोड पल्सचा एक गुणक गळती सर्वांत कमी करतो आणि दुसराच गुणक फेजची चूक सर्वांत कमी करतो. दोन्ही एकाच गुणकात बसत नाहीत. म्हणून सोबत पल्सची फ्रिक्वेन्सी किंचित सरकवावी लागते. मी नवीन येणाऱ्यांना हे पहिल्याच आठवड्यात करायला लावते: गुणक बदलत जा आणि दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढ. दोन किमान बिंदू वेगळ्या जागी आलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की कायमचं समजतं.

कॉलम_आणि_काच

मी रसायनशास्त्राचा, एनएमआरवर, म्हणजे अणुकेंद्रकांना रेडिओ पल्स देऊन रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, बसणारा. तुम्ही सांगताय ते आमच्याकडे रोजचं आहे. नमुना बदलला की ९० अंशांचा पल्स पुन्हा मोजायचा, कारण द्रावक बदलला की प्रोबचं ट्यूनिंग हलतं. आणि ठरावीक आकाराचे पल्स तर आम्ही कित्येक दशकं वापरतो. क्वांटमवाल्यांनी ते आमच्याकडून घेतले, असं म्हटलं तर चालेल का?

हळदीचं_पेव

नुसतं चालेल असं नाही, म्हणायलाच हवं. ग्रेप ही आज सगळीकडे वापरली जाणारी पद्धत २००५ मध्ये एनएमआरच्याच नियतकालिकात आली. तिचे पहिले लेखक नवीन खनेजा, जे पुढे आयआयटी मुंबईतही होते. पद्धत अशी: पल्सचे शंभर-दोनशे छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याची उंची थोडी बदलली तर अंतिम अचूकता किती बदलेल, याचा ग्रेडियंट गणिताने एकाच फेरीत काढायचा, आणि सगळे तुकडे एकदम सुधारायचे. शे-दोनशे फेऱ्यांत असा पल्स मिळतो की माणसाच्या डोक्यातून तसा आकार कधी आला नसता.

तुमच्यात आणि आमच्यात एक फरक मात्र आहे. तुमच्या नळीत एकाच तऱ्हेचे अब्जावधी रेणू असतात, आणि निसर्गाने ते सगळे एकसारखे बनवलेले असतात. आमचा प्रत्येक क्युबिट माणसाने बनवलेला, त्यामुळे प्रत्येकाचा स्वभाव निराळा. शेजारच्या दोन क्युबिटना एकच पल्स चालत नाही.

शून्यएक

मी मशीन लर्निंगमध्ये आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. इतके कमी पॅरामीटर, मोजता येणारी अचूकता, सिम्युलेटरही हाताशी. मग ग्रेपने किंवा रीइन्फोर्समेंट लर्निंगने सर्वोत्तम पल्स काढून तो पाठवून का देत नाही? हाताने गुणक फिरवत बसायची गरज काय?

हळदीचं_पेव
सोमवार, रात्री ११:१५

हा प्रश्न मी स्वतः पहिली दोन वर्षं विचारत होते. त्याचं उत्तर मला एका रात्री मिळालं, ती रात्र सांगते. थोडं लांबेल.

दोन क्युबिटचं गेट करायचं होतं. आमच्याकडे त्यासाठी एका क्युबिटची फ्रिक्वेन्सी ४० नॅनोसेकंदांपुरती खाली आणतात. क्युबिटच्या शेजारून जाणाऱ्या छोट्या तारेत विद्युतप्रवाहाचा चौकोनी पल्स सोडतात, त्याच्या चुंबकीय क्षेत्राने फ्रिक्वेन्सी सरकते. याला फ्लक्स पल्स म्हणतात. मी सिम्युलेटरवर सुंदर आकार काढला होता. गेट एकटं मोजलं तर उत्तम येत होतं. पण तेच गेट एका लांब क्रमात दहाव्यांदा आलं की फेज भलतीच यायची. आणि ती चूक आधी किती गेटं होऊन गेली यावर अवलंबून होती. जणू तारेला आठवण होती.

तीन दिवस मी शेजारच्या क्युबिटवर संशय घेत राहिले. मग मिक्सरवर, मग क्लॉकवर. ऑसिलोस्कोप लावून पाहिला, तर खोलीतून निघणारा पल्स आरशासारखा चौकोनी. चौथ्या रात्री एका वरिष्ठ बाईंनी साधं सांगितलं, "स्कोपला काय विचारतेस? क्युबिटला विचार."

तर मी क्युबिटला विचारलं. फ्लक्सचा पल्स द्यायचा, तो संपल्यावर थोडं थांबायचं, आणि मग ९० अंशांचे दोन पल्स थोड्या अंतराने देऊन त्या क्षणी क्युबिटची फ्रिक्वेन्सी मोजायची. याला रॅम्झी म्हणतात. १०० नॅनोसेकंद थांबून एक माप, २०० थांबून दुसरं, असं करत काही मायक्रोसेकंदांपर्यंत. यात एक खाच आहे: ट्रान्समॉन त्याच्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीवर ठेवला तर तिथे त्याला फ्लक्सचा बारीक फरक जाणवतच नाही. म्हणून त्याला मुद्दाम थोडा खाली आणून मापं घ्यावी लागली. पडद्यावर एकेक ठिपका पडत होता. पल्स संपल्या संपल्या ठिपके सरळ रेषेत यायला हवे होते. ते आले नाहीत. ओल्या भिंतीवरचा डाग वाळत जावा तसे हळूहळू, हळूहळू मूळ जागेकडे परत येत राहिले. चौकोनी पल्सला खाली पोचेपर्यंत शेपटी लागली होती. उंचीच्या सुमारे अर्धा टक्का, पण मायक्रोसेकंदभर रेंगाळणारी. वाटेतले फिल्टर आणि केबलचा स्किन इफेक्ट (वरच्या फ्रिक्वेन्सीचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागातूनच वाहणं), दोघांनी मिळून ती लावली होती. स्कोप वरच्या टोकाला जोडलेला, त्याला ती कशी दिसणार?

अर्धा टक्का म्हणजे काय, ते पाहा. फ्लक्स आणि फ्रिक्वेन्सीची घट यांचा संबंध साधारण वर्गाचा, म्हणून अर्ध्या टक्क्याचा एक टक्का होतो. पल्स क्युबिटला ५०० मेगाहर्ट्झ खाली नेत असेल तर एक टक्का म्हणजे ५ मेगाहर्ट्झ. ४० नॅनोसेकंदांत त्याने ७२ अंश फेज चुकते. बहात्तर! मी सिम्युलेटरवर दशांशाच्या पाचव्या स्थानाची भांडणं सोडवत होते, आणि तारेत ७२ अंश पडून होते.

उपाय माहितीचे आहेत. शेपटी मोजली की तिच्या उलटी शेपटी आधीच पल्समध्ये घालून पाठवायची, म्हणजे खाली पोचेपर्यंत दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. डेल्फ्टच्या गटाने फ्लक्सचा आकार क्युबिटकडूनच वाचून घ्यायची पद्धत नीट मांडली, तिला त्यांनी क्रायोस्कोप म्हटलं. त्याच गटाने २०१९ मध्ये 'नेट झीरो' पल्स दाखवला: अर्धा पल्स धन, अर्धा ऋण, बेरीज शून्य. दोन्ही अर्ध्या भागांच्या शेपट्या उलट दिशेच्या असल्याने लांब पल्ल्याची आठवण जवळजवळ पुसली जाते. मला हा पल्स फार आवडतो. त्यात कुठलंही जड ऑप्टिमायझेशन नाही. तारेचा स्वभाव ओळखून केलेली एक गोष्ट आहे फक्त.

म्हणून शून्यएक, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सिम्युलेटरमधला सर्वोत्तम पल्स हा सिम्युलेटरमधल्या क्युबिटसाठी सर्वोत्तम असतो. ग्रेपच्या पल्समध्ये दीडशे पायऱ्या असतात, त्या पायऱ्यांच्या तीक्ष्ण कडा केबल आणि फिल्टर खाऊन टाकतात. खाली पोचतो तो भलताच पल्स. मी आधी तारेची मापं घेते, मग तीन-चार पॅरामीटरचा साधा पल्स घेते, आणि ते पॅरामीटर क्युबिटच्याच मापांवर सुधारते.

शून्यएक

पटलं, पण पूर्ण नाही. मापं क्युबिटवरच घ्यायची असतील तर लूपच बंद करा ना. सिम्युलेटर बाजूला ठेवा, अल्गोरिदमने पल्स सुचवायचा, हार्डवेअरने गुण द्यायचे. आयबीएमच्या झुरिकच्या गटाचा २०२१ चा निबंध शोधून वाचला. त्यांनी याच पद्धतीने ४.१६ नॅनोसेकंदांचा पल्स काढला. अचूकता ९९.७६ टक्के, गळती ०.०४४ टक्के, आणि तेवढ्याच लांबीच्या त्यांच्या उत्तम ड्रॅग पल्सपेक्षा गळती सातपट कमी. हे हाताने झालं असतं का?

हळदीचं_पेव

नाही, हाताने झालं नसतं. तो निबंध चांगलाच आहे आणि तुझा मुद्दा रास्त आहे. लूप बंद करण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. गूगलच्या गटाने २०१४ मध्येच रँडमाइझ्ड बेंचमार्किंगचा (गेटांच्या वाटेल तशा लांब माळा चालवून सरासरी चूक मोजण्याचा) निकाल हाच गुण धरून पल्स सुधारून दाखवले होते. एगर आणि विल्हेल्म यांनी त्याच वर्षी मधली वाट सुचवली: सुरुवात सिम्युलेटरच्या पल्सने करा, शेवट हार्डवेअरवर करा. माझं काम आज याच मधल्या वाटेने चालतं.

पण आकडा पुन्हा बघ. ४ नॅनोसेकंदांत ९९.७६. त्याहून सावकाश, २०-२५ नॅनोसेकंदांच्या साध्या ड्रॅग पल्सने ९९.९ च्या वर सहज जाता येतं. म्हणजे जड ऑप्टिमायझेशनचा फायदा तिथे दिसतो जिथे वेगाची टोकाची गरज आहे. आणि अल्गोरिदमचे पॅरामीटर वाढले की मापं वाढतात. तेवढ्या वेळात क्युबिट स्वतःच बदलतो. ऑक्साइडमध्ये अणूंच्या पातळीवरचे दोष असतात, त्यांची स्वतःची फ्रिक्वेन्सी असते आणि ती भटकत असते. एखादा दोष क्युबिटच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन बसला की काल ८० मायक्रोसेकंद टिकणारा क्युबिट आज २० टिकतो. पल्स कितीही घासून पुसून ठेव, त्याला इलाज नाही. तिथून फ्रिक्वेन्सी हलवायची, नाहीतर दोष निघून जायची वाट बघायची.

मुळाकाठ

वाचतोय. समजतंय तेवढं समजतंय, पण सोडवत नाही. एक विचारतो: आपल्याकडे हे कुठे चालतं का?

कॉलम_आणि_काच

चालतं की. ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची चाचणी कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) झाली. क्युबिट टीआयएफआरने डिझाइन करून तिथेच बनवलेले, आर्किटेक्चर त्यांच्याच रिंग रेझोनेटरच्या कल्पनेवरचं. कंट्रोल आणि मापनाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या क्वांटम प्रयोगशाळेने जुळवली, बाजारातली उपकरणं आणि स्वतः प्रोग्रॅम केलेले डेव्हलपमेंट बोर्ड एकत्र करून. क्लाउडचा भाग टीसीएसचा.

हळदीचं_पेव

यातला 'स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड' हा भाग वाचून मला खरंच आनंद झाला होता. कंट्रोल विकत आणता येतो, पण तो विकतचा डबा आत काय करतो हे कळल्याशिवाय शेपट्या सापडत नाहीत. आज एकाच चिपवर गिगाहर्ट्झचे कन्व्हर्टर आणि एफपीजीए, म्हणजे हवं तसं सर्किट प्रोग्रॅम करता येणारा भाग, असलेले आरएफएसओसी बोर्ड मिळतात. अमेरिकेतल्या फर्मिलॅबने त्यांच्यासाठी क्विक नावाचं फर्मवेअर खुलं करून ठेवलंय. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी यात उतरावं, असं मला मनापासून वाटतं. क्वांटमची पदवी लागत नाही. फिल्टर, मिक्सर, फूरिए आणि चिकाटी लागते.

गोदावरी_०५

ताई, मी नांदेडहून. एम.टेक.ला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. आयबीएमच्या क्विस्किट सॉफ्टवेअरमधलं पल्स मॉड्यूल वापरून त्यांच्या खऱ्या मशीनवर स्वतःचा ड्रॅग पल्स पाठवायचा, असा प्रकल्प ठरवला होता. पण आयबीएमने २०२५ च्या फेब्रुवारीत पल्सची सोय बंद केली, आणि क्विस्किट २.० मधून ते मॉड्यूलच काढलं. गाइड म्हणाले विषय बदल. आमच्याकडे फ्रिज नाही, बोर्ड नाही. आता सिम्युलेटरच उरला, आणि तुम्ही म्हणताय सिम्युलेटरचा पल्स खरा नाही. मग मी काय करू?

हळदीचं_पेव
मंगळवार, सकाळी ६:५०

विषय बदलू नकोस. माझ्या बोलण्याने तू खचलास असेल तर चूक माझ्या लिहिण्याची आहे, नीट लिहिते.

सिम्युलेटर खोटा नसतो. आपण त्याला तार सांगितलेली नसते, एवढंच. तर तू त्याला तार सांग. क्यूटिप घे, क्वांटम सिम्युलेशनची पायथन लायब्ररी, फुकट आहे. ट्रान्समॉनच्या तीन पातळ्या घे, दोन नकोत, नाहीतर गळती दिसणारच नाही. चार घेतल्यास तर आणखी बरं. पहिली पायरी ५ गिगाहर्ट्झ, दुसरी २०० मेगाहर्ट्झने कमी. आधी साधा गॉसियन, मग ड्रॅग, लांबी २० नॅनोसेकंदांपासून ५ पर्यंत उतरवत जा. इथवर सगळेच करतात. तुझा प्रकल्प इथून पुढे: पल्स क्युबिटला देण्याआधी तो एका फिल्टरमधून जाऊ दे. फिल्टर तूच ठरव, पण पल्स सुधारणाऱ्या प्रोग्रॅमला तो सांगू नकोस. त्या प्रोग्रॅमने फक्त क्युबिटच्या मापांवरून, म्हणजे राबी (पल्सची उंची बदलत क्युबिट किती फिरतो ते मोजणं), रॅम्झी आणि पल्सच्या लांब माळा वापरून, पल्स दुरुस्त करायचा. प्रत्येक मापात हजार शॉटचा (शॉट म्हणजे प्रयोगाची एक पुनरावृत्ती) सांख्यिकी गोंगाट घाल, कारण खऱ्या मशीनवर संभाव्यता कोणी आयती हातात देत नाही. मग मोज: किती मापांत तो परत ९९.९ च्या वर येतो? साधा तीन पॅरामीटरचा पल्स आधी येतो की शंभर तुकड्यांचा? मला स्वतःला हा आलेख बघायला आवडेल.

रेडिओवाला_३१

पोरा, फिल्टरचा रिस्पॉन्स खरा हवा असेल तर तुमच्या कॉलेजात नेटवर्क अ‍ॅनालायझर आहे का बघ. शे-दीडशे फूट जुनी कोअ‍ॅक्सियल गुंडाळी माझ्या माळ्यावर आहे, कनेक्टरही त्याच काळचे. तिची मापं घेऊन पाठवतो. खरी केबल, खरे दोष. अ‍ॅनालायझर माझ्याकडे छोटा आहे, ३ गिगाहर्ट्झपर्यंतचा. फ्लक्सच्या पल्सला तेवढा पुरे.

गोदावरी_०५

काका!! नक्की पाठवा. गाइडना दाखवतो.

शून्यएक

मीही बसतो याच्याबरोबर. ऑप्टिमायझरचा भाग माझ्याकडे. गोदावरी, व्यक्तिगत निरोप केलाय, बघ.

नलिनीमावशी

मला अजून एक विचारायचंय. हे सगळं दहा हजारात एकावरून लाखात एकावर नेण्यासाठी. पण शेवटी क्युबिट चुकणारच ना? मग चुका दुरुस्त करायच्या पद्धतींवरच भर का देत नाहीत?

हळदीचं_पेव

मावशी, दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. चूक दुरुस्त करायची म्हणजे पुष्कळ कच्चे क्युबिट मिळून एक पक्का करायचा. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्युबिटच्या विलो चिपवर दाखवलं की कच्च्या क्युबिटच्या चौकोनी जाळीची बाजू ३ वरून ५ आणि ५ वरून ७ अशी वाढवली की पक्क्या क्युबिटची चूक प्रत्येक वेळी २.१४ पट कमी होते. हा २.१४ कुठून येतो? ज्या मर्यादेच्या खाली दुरुस्ती फायद्याची ठरते, तिच्या किती खाली कच्च्या गेटांची चूक आहे, त्यावरून. कच्ची चूक निम्मी केली तर हा आकडा साधारण दुप्पट होतो. ७ च्या जाळीला तो परिणाम चार वेळा गुणला जातो, म्हणजे पक्क्या क्युबिटची चूक ढोबळमानाने १६ पट घटते. पल्समध्ये कमावलेला पै-पैसा तिथे असा व्याजासकट मिळतो.

आणि शेजारधर्माचा प्रश्नही असतोच. गूगलच्या २०१९ च्या सायकॅमोर चिपवर दोन क्युबिटच्या गेटची सरासरी चूक एकेकटं चालवताना ०.३६ टक्के होती, सगळी एकदम चालवल्यावर ०.६२ झाली. चिप तीच, पल्स तेच. एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या कानावर पडतो, म्हणून. शंभर क्युबिटचे शंभर पल्स वेगवेगळे सुधारून पुरत नाही, ते एकत्र वाजताना सुधारावे लागतात. यावर वेगळा धागा काढेन, इथे आता फार लांबलंय.

रेडिओवाला_३१
शनिवार, दुपारी ४:०५

केबलची मापं घेतली. गंमत बघा, एका कनेक्टरचं सोल्डर आतून सुटलं होतं. बाहेरून चकचकीत. ५०० मेगाहर्ट्झच्या वर रिस्पॉन्समध्ये लाटा येत होत्या, रिफ्लेक्शनच्या. काढून नवीन लावला, लाटा गेल्या. दोन्ही फायली पाठवल्यात, दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची.

गोदावरी_०५
रविवार, रात्री १०:३०

पहिला निकाल. ५ नॅनोसेकंदांच्या साध्या गॉसियनमध्ये गळती टक्क्यांच्या घरात आहे. ड्रॅगने ती बरीच खाली आली, आणि गुणकाचे दोन किमान बिंदू खरंच वेगवेगळ्या जागी आले. आलेख काढून भिंतीवर लावलाय. मग काकांच्या 'आधीच्या' फायलीवरून रिस्पॉन्स काढून पल्स त्यातून पाठवला. २० नॅनोसेकंदांच्या पल्सला फारसा फरक पडला नाही. ५ नॅनोसेकंदांचा मात्र पार बिघडला, एका पल्सचं रिफ्लेक्शन पुढच्या पल्सवर चढतंय. तीन पॅरामीटर कितीही फिरवले तरी माळेत तो सावरत नाही. ताई, इथे शंभर तुकड्यांचा पल्स जिंकेल असं वाटतंय.

हळदीचं_पेव

असेलही. पण आधी एक करून बघ: चौथा पॅरामीटर घाल. मूळ पल्सचीच एक बारीक उलटी प्रत, रिफ्लेक्शन जितक्या उशिरा येतं तितक्याच उशिराने. उशीर किती तो क्युबिटकडून मोजून घे, काकांच्या फायलीत बघू नकोस. मग शंभर तुकडे.